कानामागची विभूती

गंजगोलाईत सकाळचं ऊन एकदम उतरत नसे. आधी ते मधल्या गोल इमारतीच्या माथ्यावर थांबे, तिथल्या कबुतरांच्या पाठी उजळवी आणि मग घाई नसलेल्या पाहुण्यासारखं एकेका रस्त्यावर पाऊल टाकी. बांगड्यांच्या दुकानाशी यायला त्याला साडेआठ वाजत. दाराच्या फळ्यांच्या फटींतून आधी त्याच्या चार-पाच सरळ रेघा फरशीवर पडत. त्या रेघांत धूळ तरंगे; दुष्काळाच्या त्या वर्षी ती इतकी दाट झाली होती की हाताने बाजूला सारावीशी वाटे. मग फळ्या निघत आणि ऊन काउंटरवर चढे. हिरव्या चुड्याची हिरवी सावली भिंतीवर हले, ग्लिसरीनच्या बाटलीतून मधासारखा एक ठिपका छताला जाऊन चिकटे, गुलाबपाण्याच्या बाटल्या मात्र काही न बोलता नुसत्या उजळत. सर्वांत शेवटी ते आरशात शिरे, आणि तिथून उसळून समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या अंगावर पडे. म्हणून गुरुलिंग त्या वेळी आरशाच्या उजवीकडे उभा राहत असे. सवय म्हणून, असं तो स्वतःला सांगे.

दुकान त्याच्या मावशीचं, नीलाबाईचं. आई गेल्यावर तिने त्याला देवणीहून लातूरला आणलं, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आता चोविशीत होता. तरीही रोज सकाळी तो काउंटरमागे बसला की ती मागून येई, पदराचं टोक बोटाला गुंडाळी आणि म्हणे, "कानामागं विभूती राहिली रं." मग डाव्या कानामागे हलक्या हाताने पुसून काढी. अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला आणि दंडाला विभूती हा त्यांच्या घरचा रोजचा क्रम होता. एखादं बोट कानामागे लागणं नवलाचं नव्हतं. गुरुलिंगला त्या पुसण्यात फार सुख वाटे. दिवसभरात त्याला कोणी स्पर्श करी तो तेवढाच.

मावशीचे गुडघे धरल्यापासून गिऱ्हाइकं तोच पाही. लाजाळू इतका की बोलताना नजर बाटलीवर ठेवी, आणि गंमत अशी की बायकांना हेच सोयीचं पडलं. तोंडाकडे न पाहणाऱ्या माणसाला तोंडावरच्या तक्रारी सांगणं सोपं जातं. तोही मावशीकडून शिकलेलं हळूहळू, तोलून सांगे. नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय, तर ओल्या फडक्याने चेहरा पुसा. साबण एकदाच, तोही मऊ. अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा, वाळल्यावर लावलेलं वरच राहतं. टाचांच्या भेगांना मेण तेलात वितळवून भरा आणि मोजे घालून झोपा. मुरमं फोडू नका. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, डाग पडतील. पावडर आधी मानेला, मग चेहऱ्याला. नाहीतर चेहरा एका गावचा आणि मान दुसऱ्या गावची दिसते.

"गोरं करायचं कायी हाय का?" असं कोणी विचारलं की तो म्हणे, "गोरं करणारं काही नसतं, ताई. ऊन अडवायला छत्री घ्या."

"छत्र्या शेजारच्या दुकानात हायत रं," मावशी आतून ओरडे. "त्याचं दुकान चालवायलास का आपलं?"

चैत्रात एक दिवस औशाहून गुरम्मा आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव शिवकांता. डोक्यावरचा पदर तिने भुवयांपर्यंत ओढला होता. गुरम्माने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सोयरीक जमलीय हिची, निलंग्याला. हळदीकुंकवाला सासूनं हिची टिकली काढली अन् खालचं बघितलं. म्हणाली, श्रावणापोत्तर बघू. गेलं न्हाई तर आमचं न्हाई जमायचं."

शिवकांताने पदर सारला. कपाळाच्या मधोमध पांढरा डाग होता. टिकलीएवढा, टिकलीसारखाच गोल.

"कोड हाय म्हणतेत," ती म्हणाली. हसण्याचा प्रयत्न करत होती.

गुरुलिंगने त्या दिवशी प्रथमच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डागाची कड जणू कंपासने आखली होती. कोड असं मापात येत नाही. "ही चिकटवायची टिकली किती दिवस लावताय?"

"दोन वर्सं. लातूर जिल्हा झाला अन् ही पाकिटं निघाली की. तुमच्याच दुकानातून नेल्या!"

त्याचा चेहरा उतरला. "मग चूक आमचीही आहे. हे टिकलीच्या गोंदाने झालेलं दिसतं. आजपासून टिकली बंद. मेण लावून हळदीचं कुंकू लावा, तेही डागाच्या जरा वर. आणि दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, नुसतं माझ्यावर राहू नका."

"शेजारणीनं बावचीचं तेल दिलंय," गुरम्मा म्हणाली. "लावून उन्हात बसिवते म्हणलं."

"नको! फोड येतील कपाळभर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते अजिबात नको."

तो बोलण्याच्या भरात हात पुढे करून बसला होता, आणि शिवकांताचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. घड्याळाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याखालून एक फिकट कड डोकावत होती.

"अव्वा, बघ की! ह्यांचंबी हाय!"

गुरम्माने तिला कोपर मारलं. गुरुलिंगने बाही ओढली. आतापर्यंत तो मनाशी त्याला शिबं म्हणत आला होता. पावसाळ्यात घामाने येतं आणि जातं ते शिबं. ते आलं त्याला दोन पावसाळे होऊन गेले होते, आणि त्यातला एक तर पडलाच नव्हता.

"तुमचं पट्ट्यानं झालंय," शिवकांता निकाल दिल्यासारखी म्हणाली. "माझं टिकलीनं, तुमचं पट्ट्यानं. असं करू, मी टिकली सोडते, तुमी घड्याळ सोडा. श्रावणात दोघं दाखवू. कुणाचं आधी जातंय बघू!"

"हो," तो म्हणाला, "पट्ट्यानेच." इतक्या चटकन म्हणाला की मावशीने आतून मान वर करून पाहिलं. त्याने घड्याळ सोडलं आणि काउंटरच्या खणात ठेवलं. त्या दिवशी टिकल्यांची सगळी पाकिटंही त्याने शोकेसमधून काढली. मावशी त्यावर काही बोलली नाही, हेच आश्चर्य.

शिवकांता ज्येष्ठात पुन्हा आली. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं आणि एक मलम दिलं होतं. डाग तसाच होता, वाढला नव्हता. "तुमचं?" तिने विचारलं. "तसंच," तो म्हणाला. ते खरं नव्हतं. मनगटावरचं पांढरं आता पट्ट्याची वेस ओलांडून सांडलेल्या दुधासारखं तळव्याकडे निघालं होतं. तो त्यावर खोबरेल लावी, बेसन लावी, मग बाहीचं बटण लावी. दुसऱ्यांना सांगितलेला दवाखाना दुकानापासून दहा मिनिटांवर होता. तिथे जायला त्याला रोज काहीतरी काम आडवं येई.

श्रावण आला तो कोरडाच. दुसऱ्या सोमवारी नळाची पाळी होती, पण नळ नुसता फुसफुसला. हंडे पालथे पडले होते. टँकर दुपारी येणार होता. अंघोळ नाही म्हणून पूजा नाही. गुरुलिंग तसाच दुकानात आला आणि त्याने फळ्या काढल्या. मायलेकी पहिल्या बसने येऊन पायरीवर बसलेल्या होत्या.

शिवकांताच्या डोक्यावर पदर नव्हता.

"बघा!" ती म्हणाली, आणि कपाळ सरळ उन्हात धरलं. पांढऱ्याच्या आत मोहरीएवढे गव्हाळ ठिपके उगवले होते, पाच-सहा, एकमेकांकडे सरकणारे. कडेने डाग आत ओढला गेला होता. गुरम्मा डोळे पुसत म्हणाली, "मार्गशीर्षातली तारीख धरलीय. सासूबाई सोत्ता येऊन बघून गेल्या."

त्याला इतका आनंद झाला की तो काउंटरमागून बाहेर आला. हिरव्या चुड्याचा डबा त्याने न मागता उघडला. "हे दुकानाकडून. आमच्या टिकलीने त्रास दिला त्याचं."

"चुडा राहू द्या," शिवकांता म्हणाली. "आधी तुमचं दाखवा. शर्यत हाय आपली."

गुरुलिंगने मनगटावरचं बटण चाचपलं. ते लावलेलं होतं. "गेलं," तो म्हणाला.

ती काही क्षण त्या बटणाकडे बघत राहिली. दुकानात पंखा नव्हता, त्याच्या कपाळावर घाम होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण त्यातली थट्टा निघून गेली. "बरं झालं," ती हळू म्हणाली. "लग्नाला या, दादा. बाह्या दुमडून या. आमच्यात कुणी कायी म्हणणार न्हाई."

त्या गेल्या. चुड्याच्या डब्याचं झाकण तो बराच वेळ लावत बसला. ऊन आरशात शिरलं, उसळलं आणि त्याच्या डाव्या अंगावर पडलं. उजवीकडे सरकायचं आज त्याला सुचलं नाही.

मावशी गुडघ्यावर हात टेकत मागून आली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कानामागं विभूती राहिली रं," ती म्हणाली आणि पुसू लागली. तिच्या बोटाला खोबरेलाचा वास येत होता. आज प्रथमच त्याच्या ध्यानात आलं की तो रोजच येई. "टोपी घालत जा उन्हात. तिथलं चामडं लवकर पोळतंय."

तो हलला नाही. तिचं बोट कानामागे फिरत राहिलं, हलकं, सावकाश, काही निघून जावं म्हणून नव्हे तर कुणाला दुखू नये म्हणून फिरावं तसं. त्याने डोळे मिटले.

त्या सकाळी त्याची अंघोळ झाली नव्हती. पूजा झाली नव्हती. त्याने विभूती लावलीच नव्हती. ते कोड होतं.