कोंबडीवर ठरलेली सोयरीक

मित्रांनो, मी एक जुनी जोडपेटी आहे, दोन फोन कंपन्यांच्या तारा एकमेकींना जोडणारी. अंग लोखंडी, कपाळावर चोवीस खोबण्या, प्रत्येक खोबणीशेजारी एक हिरवा दिवा. आता एकही दिवा लागत नाही. मलावीच्या सरहद्दीवरच्या मचिंजी गावात, मिशनच्या गोदामात, मागल्या खोलीत मी बसून असते आणि माझ्या डोक्यावर शेंगदाण्याची पोती रचतात. रचू देत. शाळा मी पाहिली नाही. इकडून आलेलं तिकडे बिनचूक पोचवायचं, एवढंच मला येतं. पण ते मला जसं येत होतं तसं मोठाल्या कचेऱ्यांतल्या साहेबांना येत नव्हतं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यातला. जहाजातून बेइरा बंदरात उतरले, ट्रकमधून हाडं खिळखिळी करत इथे आले. मला मागवलं ते दालित्सो कालुवा या बाईनं. ती अलीकडच्या, म्हणजे मलावीच्या फोन कंपनीत तारांचं काम बघायची. सरहद्दीपलीकडे झांबियात चिपाटा गाव आहे, मिनीबसनं तासाभराचं. दोन्हीकडची माणसं एकाच कुळाची, एकच बोली बोलणारी. पण मचिंजीच्या दवाखान्यातून चिपाट्याच्या हाडांच्या डॉक्टरला मोडक्या पायाचं चित्र पाठवायचं, तर ते आधी समुद्राकडे जायचं, तिथून युरोपात, तिथून दुसऱ्या वाटेनं परत आफ्रिकेत. जाता-येता परक्यांना जकात. अलीकडची कंपनीही भरायची, पलीकडचीही.

"शेजारणीकडे मीठ मागायला समुद्र ओलांडायचा आणि दोघींनी परक्याला टोल द्यायचा," दालित्सो दोन्ही मॅनेजरांना सांगायची. "इथल्या इथे जोडा. टोल वाचेल, दर उतरेल, दर उतरला की लोक दुप्पट बोलतील. धंदा तुमचाच वाढेल."

मॅनेजरांना हे पटत होतं. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. अलीकडचे मॅनेजर बाम्बो काम्फुलुसा (बाम्बो म्हणजे इथे मानानं 'बाबा') म्हणत, आधी त्यांनी तार घेऊन आपल्या दारात यावं. पलीकडचे बाम्बो साकाला म्हणत, मागणी घालायला जाणारे मुलाकडचे आम्ही नाही. दोघांच्या तारा आपापल्या नाक्यापर्यंत आल्या आणि दोन वर्षं रुसून पडून राहिल्या.

शेवटी दालित्सोनं इथल्या रीतीचा आधार घेतला. लग्न जुळवायला इथे न्खोस्वे लागतो, म्हणजे मध्यस्थी करणारा मामा. त्याच्या शब्दाशिवाय सोयरीक होत नाही. तिनं दोन्ही कंपन्यांच्या वतीनं एकेक म्हातारा मामा उभा केला. जागा ठरली मिशनचं गोदाम, कारण ते ना ह्यांचं ना त्यांचं. एका दुपारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि वाळल्या माशांचं जेवण झालं. अलीकडच्या मामांनी कोंबडी दिली, पलीकडच्यांनी कोंबडा दिला, बायकांनी आरोळ्या ठोकल्या आणि दोन्ही तारा माझ्या कपाळात बसल्या. माझे दिवे लागले तेव्हा बाम्बो साकालांनी टोपी काढली. मला मान कमी मिळालेला नाही.

दालित्सोनं पिशवीतून करारनामा काढला. तो बघून अलीकडचे म्हातारे मामा हसले. "पोरी, कोंबडी हातात दिल्यावर कागद मागतेस? उद्या नवऱ्याकडून सकाळ-संध्याकाळ सही घेशील." सगळे हसले. दालित्सोही हसली आणि तिनं कागद घडी करून ठेवून दिला. मला तोंड असतं तर मीही हसलेच असते. हे मला आज बोचतं.

तीन वर्षं मी राबले. तियामिके नावाची नर्स दवाखान्यातून चित्र पाठवायची आणि तिचा चहा निवायच्या आत चिपाट्याहून डॉक्टरचं उत्तर यायचं. दर उतरले. शेंगदाण्याच्या व्यापारी बाया तिकडच्या गिऱ्हाइकाला दाणे फोनवर दाखवायला लागल्या. दालित्सो म्हणाली होती तसंच झालं, दोन्हीकडचा धंदा माझ्या डोळ्यांदेखत वाढला. पण माझी आठवण तीस दिवसांचीच. एकतिसाव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. दर महिन्याला आकडे उतरवून घेईन, असं दालित्सो म्हणायची. पण सगळं सुरळीत चाललेलं. दुखत नसलेलं डोकं कोण दाबत बसतं? तिनं उतरवले नाहीत, आणि मीही माझ्याच तोऱ्यात होते. मला वाटायचं, माझं काम सगळ्यांना दिसतंय.

मग काम्फुलुसा निवृत्त झाले, साकालांची बदली झाली. अलीकडच्या कंपनीच्या बड्या कचेरीतून एक नवा साहेब तपासणीला आला. माझ्यासमोर उभा राहून त्यानं विचारलं, की दुसऱ्या कंपनीचा माल आपल्या तारेतून कुणाच्या परवानगीनं जातो. दालित्सोनं सोयरिकीची सगळी हकीकत सांगितली.

"कोंबडीची पावती आहे?" साहेबानं विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

अलीकडच्या मामांना बोलावणं गेलं. काठी टेकत आले, म्हणाले, मी साक्षीला आहे. साहेब म्हणाला, ती कोंबडी कधीच खाल्ली असेल.

"कोंबडी खाल्ली म्हणून लग्न मोडत नाही, बाळा," मामा म्हणाले.

साहेब वाईट नव्हता. त्यानं दालित्सोला बाजूला घेतलं आणि म्हणाला, तीन वर्षांत फायदा किती झाला ते दाखवा, तार राहील. दालित्सो माझ्यापुढे बसली. मी होतं नव्हतं ते सगळं तिच्यापुढे ओतलं. तीस दिवस. तेही नेमके सुगीचे, जेव्हा बाजार तसाही फुगलेला असतो. साहेबानं आकडे बघितले आणि म्हणाला, हे तर दाण्यांमुळे असेल. त्याला खोटं पाडायला आमच्याकडे काहीही नव्हतं. शुक्रवारी माझ्या कपाळातली तार निघाली.

आता चित्रं पुन्हा समुद्रापलीकडून जातात. तिथे पाण्याखाली कुठेतरी केबल तुटली, की तियामिके मोडक्या पायाचं चित्र पाकिटात घालून मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हातात देते.

परवा दालित्सो आली होती. पोती खाली उतरवून तिनं कमरेच्या कापडानं माझी धूळ पुसली. नवा अर्ज लिहितेय म्हणाली, दोन्ही कंपन्यांना. "मायी," ती मला म्हणाली, "मला सगळं आठवतं. पण माझं आठवणं तिथे चालत नाही."

मित्रांनो, ज्याच्या जिवावर तुमचं सुरळीत चाललंय, त्याच्याजवळ ते चालू असतानाच घडीभर बसा. काय केलंस, किती केलंस, ते विचारा आणि लिहून ठेवा. आम्हा राबणाऱ्यांना आपणहून बोलता येत नाही. दालित्सोनं त्या दिवशी मला पुन्हा विजेला जोडून पाहिलं. दिवा घटकाभर लागला. तिनं विचारलं, आणि मी उघडून दाखवलं. तीस दिवस होते, सगळे कोरे.