जागा सोडलेली ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. ज्या कामासाठी माझी वर्षानुवर्षे स्तुती झाली, ते काम मी केलेच नव्हते. म्हणून स्तुती ऐकली की मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

गावच्या सुताराने हलक्या फळ्या जोडून, वर बैलाचे कातडे ताणून मला बनवले. इंग्लंडातला ऑर्डगार नावाचा सॅक्सन शेतकरी माझा धनी. लढाईत आमच्या लोकांची रीत अशी, की खांद्याला खांदा लावून ढालींची भिंत करायची. डाव्या हातातली ढाल अर्धी आपल्याला झाकते आणि अर्धी डावीकडच्या शेजाऱ्याला.

नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले आणि राजाचे बोलावणे आले, तेव्हा ऑर्डगारची बहीण हिल्ड त्याला म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तुझ्या डाव्या हाताला उभं कर. मला दुसरं काही नको."

तिचा नवरा लेफविन हसला. "अगं, ह्याची ढाल आणि ह्याचं पोट, दोन्हींच्या आड मी आरामात मावतो."

टेकडीच्या माथ्यावर आमची भिंत उभी राहिली. नॉर्मन घोडेस्वार वर चढून येत आणि आपटून मागे जात. दुपार झाली तरी भिंत हलली नाही. मला केवढा अभिमान वाटत होता! मग अचानक ते घोडे वळवून पळू लागले आणि आमच्यातले काहीजण ओरडत त्यांच्या मागे धावले.

"ऑर्डगार, जागा सोडू नकोस. राजाचा हुकूम आहे," लेफविन म्हणाला.

"दाजी, तुम्ही थांबा. हा आलोच मी."

उतारावर नॉर्मन उलटे फिरले. ऑर्डगार खड्ड्यात पडला आणि मला अंगावर ओढून वाचला. वर आमच्या रिकाम्या जागेतून भाला आत शिरला आणि लेफविन पडला. संध्याकाळपर्यंत राजाही पडला.

ऑर्डगारने घरी येऊन सांगितले, "ह्या ढालीने दाजींना शेवटपर्यंत झाकलं."

हिल्डने मला मागून घेतले आणि आपल्या भिंतीवर टांगले. कातडे तडकू नये म्हणून दर रविवारी ती मला पुसून चरबी चोळी. येणारेजाणारे माझ्यापुढे टोपी काढत. ऑर्डगारने मात्र तिच्या घरी येणेच सोडले.

बऱ्याच वर्षांनी एका हिवाळ्यात तो आला. "हिल्ड, ही ढाल जाळून टाकू. गावाच्या नव्या नॉर्मन मालकाच्या शिपायांनी पाहिली तर नसता जाच होईल."

"शिपायांचं नाव कशाला पुढे करतोस?" हिल्ड मला पुसता पुसता म्हणाली. "शेजारचा माणूस मेला आणि तुला साधा ओरखडा नाही. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग एवढी वर्षं हिला पुसतेस कशाला?"

"तू कधीतरी येऊन खरं सांगशील म्हणून."

ऑर्डगार खाली बसला. "मी जागा सोडली," तो म्हणाला.

"ते काय म्हणाले होते तुला?"

"थांब म्हणाले."

हिल्डने हातातले फडके खाली ठेवले. त्यानंतर तिने मला कधीच पुसले नाही. आता माझे कातडे तडकले आहे, फळ्यांना वाळवी लागली आहे आणि मला बरे वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मला जपू नका. तुमच्या भरवशावर जो शेजारी उभा आहे, त्याला जपा. समोर शत्रू पळताना दिसला तरी त्याच्याजवळून हलू नका.