आजोबांच्या हयातीचा दाखला

मी एक जुना डेमो पीस आहे. म्हणजे दुकानाच्या काउंटरवर सगळ्यांनी हाताळून बघावा म्हणून ठेवलेला. दिसायला मी गेमचं खेळणं वाटतो. मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यांनी फिरवायच्या दोन छोट्या दांड्या. पण मित्रांनो, आतून मी अख्खा कॉम्प्युटर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही हसणार नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आम्ही सगळे भाऊ खोक्यांत बसून पुण्याला आलो, कर्वेनगरच्या एका दुकानात. बाकीचे भाऊ खोक्यातच राहिले. मला मात्र बाहेर काढून, चार्जिंगची वायर लावून काउंटरवर उभं केलं. दुकानाचे मालक अनंतराव. त्यांनी माझ्यासमोर एक पाटी लावली होती, 'हात लावून पहावे. मुक्काम करू नये.'

तिथे मी आठ महिने काढले. किती हात आले म्हणून सांगू. घामेजलेले हात, वेफर्स खाऊन तेलकट झालेले हात, बांगड्या वाजवणारे हात. प्रत्येक जण मला उचलायचा, 'काय भारी आहे' म्हणायचा, एक गाडी पळवून भिंतीवर आपटायचा आणि खोक्यातला माझा एखादा भाऊ विकत घेऊन जायचा. कौतुक माझं आणि घर मात्र त्याला. वाईट वाटायचं. पण त्यातून एक शिकलो. माणसाचा चेहरा काही का सांगेना, त्याचे हात मला बरोबर कळतात.

दिवाळी झाली आणि चैताली आली. येरवड्याची, नववीत शिकणारी. बरोबर तिची आई, शर्मिलाताई. चैतालीच्या वहीत दोन पानं भरून प्रश्न होते आणि ते विचारायला ती अजिबात लाजत नव्हती. वजन किती? गरम किती होतो? बॅटरी बिघडली तर बदलून कोण देणार? अनंतरावांनी चष्मा वर करून विचारलं, की बाळ, तू विकत घ्यायला आलीस का माझी तोंडी परीक्षा घ्यायला?

तिच्यापुढे दोन यंत्रं ठेवली होती. एक नवंकोरं, लावलं की लगेच गेम सुरू, काही डोकेफोड नाही. पण त्यावर गेमच. दुसरा मी. माझ्यावर विंडोज, म्हणजे सेटिंगची भानगड जास्त, पण बाकीची कामंही होणार. चैतालीने दोघांनाही दहा-दहा मिनिटं हातात धरून बघितलं. त्या नव्याची स्क्रीन मोठी होती, पण तिचं मनगट भरून आलं. मग तिने आईला समजावलं, की हा नुसता गेम नाही, कीबोर्ड जोडला की यावर निबंधसुद्धा टाइप होतो.

"टाइप होतो," शर्मिलाताई म्हणाल्या, "सुचत नाही ना?"

अनंतरावांनी माझी खोड लपवली नाही. सदान्‌कदा वायरीला असल्यामुळे याची बॅटरी दमलेली आहे, हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि म्हणूनच किंमत कमी लावली. चैतालीने मला उचललं. मित्रांनो, तो हात मला अजून आठवतो. कोरडा, उबदार, अजिबात न थरथरणारा. स्वतःच्या निवडीवर खूश असलेला हात.

येरवड्याचं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनालिफ्टचं. घरात चैताली, तिचे आईबाबा आणि कचरूआजोबा. आजोबा सरकारी छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे शिशाची एकेक सुटी अक्षरं. ती उचलून ओळी लावण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. आता गुडघे धरल्यामुळे ते जिना उतरायचं टाळायचे.

मला मांडीवर घेऊन चैतालीने माझी सगळी घडी बसवली. आधीची दुकानातली माहिती पुसली. मग दोन तास अपडेट. ते होईना होईना तेव्हा तिने मला चक्क 'अरे बाबा' म्हटलं. अक्षरं मोठी केली. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबेल असं केलं, कारण पूर्ण भरून ठेवली की ती लवकर म्हातारी होते. मग ती वॅटचं गणित शिकली. जड गेमला पंचवीस वॅट, हलक्याला पंधरा आणि साध्या कामाला सात पुरतात. वॅट कमी केले की ताकद कमी, पण दम जास्त टिकतो. पंचवीसवर माझा पंखा एवढा घोंघावला, की आजोबांनी बाहेरून विचारलं, मिक्सर कोणी लावलाय?

आणि इथेच घोटाळा झाला.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस अजून जिवंत आहे असं ऑफिसला कळवायचं. दरवर्षी आजोबा बँकेत जायचे. यंदा चैतालीच म्हणाली होती, की जिने कशाला उतरता, फोनवर चेहरा दाखवला की दाखला जातो, मी करते. अकरा तारखेला संध्याकाळी आजोबांनी विचारलं, "झालं का गं?" त्या वेळी मी तिच्या हातात होतो, एक शर्यत रंगात आली होती. मान वर न करता ती म्हणाली, "झालं."

झालेलं नव्हतं. ती उद्या करणार होती. उद्याचा परवा झाला आणि मग ती विसरली. खरं तर विसरलीही नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. आजोबा बाहेर नुसते खोकले तरी तिचे अंगठे दचकायचे आणि माझी गाडी भिंतीवर आदळायची. तिच्या तळव्यांना घाम सुटायचा. आता सांगायचं तर 'झालं' म्हटलेलं खोटं निघणार, म्हणून ती सांगत नव्हती. शर्यती मात्र खेळत होती आणि सगळ्या हरत होती. मला तिच्यासाठी काही करता येत नव्हतं. मी गेम चालू ठेवत होतो, म्हणजे गुन्ह्यात मीही भागीदारच.

अठ्ठावीसला आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि उजव्या डोळ्यावर पट्टी आली. तीस तारखेला, शनिवारी दुपारी, आईबाबा धायरीला मावशीकडे गेले होते. छापखान्यातले जुने सोबती ज्ञानदेव यांचा आजोबांना फोन आला. जय भीम झालं, डोळ्याची चौकशी झाली. मग ते म्हणाले, माझा दाखला पोचल्याचा मेसेज आला, तुझा आला का? आजचा शेवटचा दिवस आहे.

आजोबांनी फोन चैतालीपुढे धरला आणि मेसेज शोधायला सांगितला.

मी तिच्या मांडीवर होतो. तिचे हात बर्फासारखे गार पडले. पेन्शन अडली असती तर त्या घरात कोणी उपाशी राहिलं नसतं. पण आजोबांची औषधं, डोळ्यातले थेंब, रोजचा पेपर सगळं त्यांच्या पेन्शनीतून येत होतं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मुलापुढे हात करायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता. चैतालीला ते माहीत होतं.

"आजोबा, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "दाखला पाठवलाच नाही. गेम खेळत होते."

आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. रडू आवरायचं म्हणून चैतालीने माझी कडा घट्ट धरून ठेवली होती.

"म्हणजे आज रात्री बारा वाजेपर्यंत मी आहे," आजोबा म्हणाले. "मग बसलीस काय? ऊठ."

तिने आधी फोनवर प्रयत्न केला. फोन म्हणाला, डोळे मिचकावा. आजोबांनी उघडा डोळा मिचकावला. फोनला ते पटेना. चार वेळा झालं तेव्हा आजोबा म्हणाले, त्याला वाटत असेल म्हातारा डोळा मारतोय.

दुसरा मार्ग बोटाच्या ठशाचा. शेजारच्या गल्लीत पोपटकाकांचं अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. चैताली धावत गेली. तिथे शेवटच्या दिवसाची ही मोठी रांग लागलेली. दुकान सोडून वर यायला काकांना जमणार नव्हतं आणि त्यांचा कॉम्प्युटर टेबलावरून हलणारा नव्हता. पण ठसा घ्यायचं एक जास्तीचं यंत्र त्यांच्याकडे होतं. घरी विंडोजवाला कॉम्प्युटर आहे का, त्यांनी विचारलं. चैताली म्हणाली, आहे. कसा आहे ते तिने सांगितलं नाही. त्यांनी यंत्र दिलं, जोडायचा छोटा तुकडा दिला आणि तासाभरात परत आण म्हणून बजावलं.

मित्रांनो, आजवर मला फक्त गाड्या पळवायला सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरं काम मिळालं, आणि तेही अवघड. कारण वायर जोडायला मला भोक एकच आहे. त्यात ठशाचं यंत्र जोडलं की चार्जर लावता येत नाही. आणि सकाळभर खेळल्यामुळे बॅटरी उरली होती तेवीस टक्के. तीही दमलेली.

चैतालीने क्षणभर विचार केला. मला सात वॅटवर आणलं. स्क्रीन जेमतेम दिसेल एवढी मंद केली. बाकीचं सगळं बंद केलं. मग सरकारी प्रोग्राम उतरवून घेतला, ठशाच्या यंत्राचा दुसरा एक प्रोग्राम बसवला. पहिल्यांदा मी ते यंत्र ओळखलंच नाही. मला बंद करून चालू केलं, तेव्हा ओळखलं. यात तासातली चाळीस मिनिटं गेली. आजोबांचा आधार क्रमांक झाला, फोनवर आलेले आकडे टाकून झाले. बॅटरी अकरा.

उजवा अंगठा. ठसा जुळला नाही.

डावा अंगठा. जुळला नाही. चैतालीने त्यांचं बोट पुसलं, जरासं खोबरेल चोळलं, पुन्हा पुसलं. तर्जनी नाही, मधलं बोट नाही. पस्तीस वर्षं शिशाचे खिळे उचलून ती बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. बॅटरी सहा. आजोबा बोटांकडे बघत बसले. मला वाटलं, आता ते रागावणार. पण ते हात नुसता हवेत धरून काही तरी उचलल्यासारखं करून बघत होते.

"करंगळी," ते म्हणाले. "खिळा उचलताना ही वर राहायची. हिला कधी काम पडलं नाही."

उजवी करंगळी काचेवर टेकली. माझ्या कोपऱ्यात लाल दिवा लागला होता. बॅटरी तीन. मी पंखा थांबवला, श्वास रोखल्यासारखा. एक हिरवी रेघ सरकली आणि स्क्रीनवर अक्षरं आली, 'आपले प्रमाणपत्र तयार झाले आहे.'

चैतालीने आजोबांच्या फोनमध्ये मेसेज येईपर्यंत काही मानलं नाही. मेसेज आला. मग ती कॉटच्या कडेला कपाळ टेकून एवढी रडली, की आजोबांना तिच्या डोक्यावर खोबरेलाचाच हात ठेवावा लागला. मी त्याच वेळी बंद पडलो. लाजेनं नाही. मला आता काही करायचं उरलं नव्हतं.

ठशाचं यंत्र पोपटकाकांना वेळेत परत गेलं. संध्याकाळी आईबाबा आले तेव्हा त्यांनी चपला काढायच्या आधीच चैतालीने सगळं सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. बाबा आजोबांकडे बघायला लागले.

"मला काही विचारू नको, अभय," आजोबा म्हणाले. "मी आत्ताच जिवंत झालोय."

शर्मिलाताई हसल्या नाहीत. खोटं किती दिवस सांभाळलंस, त्यांनी विचारलं. एकोणीस, चैताली म्हणाली. मग एकोणीस दिवस हा कपाटात, त्यांनी सांगून टाकलं. चैतालीने हुज्जत घातली नाही. उलट मला साठ टक्के चार्ज केलं, कारण रिकामा ठेवला तर माझी बॅटरी मरते, मऊ फडक्याने माझी स्क्रीन पुसली आणि आईच्या हातात दिलं. तिथे साड्यांच्या खाली मी शांत झोपलो. खरं सांगतो, काउंटरवर मला अशी झोप कधीच लागली नव्हती.

एकोणीस दिवसांनी कपाट उघडलं. चैतालीने मला हातात घेतलं तेव्हा तिचे अंगठे अगदी सैल होते. बाहेर आजोबा खोकले. ती दचकली नाही. पहिल्याच वळणावर तिने गाडी भिंतीवर आदळली आणि खदखदून हसली.

मित्रांनो, आम्हाला जपणं अवघड नाही. घामट हात पुसून घ्या, पंख्याच्या फटीत धूळ साठू देऊ नका, बॅटरी शून्यावर आणू नका. आणि घरातलं कुणाचं काम तुमच्या अंगावर असेल, तर आधी ते करून या. नसेल जमलं तर राहिलंय म्हणून सरळ सांगून या. तोवर मला बाजूला ठेवलं तर मी रुसणार नाही. मला थांबता येतं. तीस नोव्हेंबरला येत नाही.