म्हाळसाआत्याचं घर

इंदापूरच्या फाट्यावरचा जुना चौक मोडून खालून गाड्या जातील असा भुयारी रस्ता करायचं काम अठ्ठ्याण्णव साली निघालं. खोदाईची देखरेख कळस गावच्या इंजिनीयर योगिनीकडं होती. आणि खड्ड्याच्या कडेला, हाकेच्या अंतरावर, तिच्या सख्ख्या आत्याचं घर होतं.

खोदाईआधीच म्हाळसाआत्याच्या भिंतीला एक बारीक भेग होती. योगिनीनं तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली. "आत्या, भेग वाढली तर ही तडकंल. लगेच सांगायचं."

काम नीट चाललं होतं. थोडं खणायचं, लोखंडी खांब आणि फळ्या लावून माती धरायची, मग पुढं सरकायचं. पण शेजारच्या उसाला कालव्याचं पाणी सुटलं, ते काळ्या मातीतून झिरपलं आणि फळ्या फुगल्यासारख्या पुढं आल्या. सकाळी योगिनी घरात गेली तर काच दुभंगलेली.

"कवा तडकली?"

"काल सांजच्याला," आत्या चुलीकडं बघत म्हणाली.

"आन् सांगितलं न्हाय?"

आत्यानं चुलीत लाकूड सारलं. योगिनीनं बाहेर येऊन खोदाई थांबवली, खणलेली माती पुन्हा फळ्यांच्या पायथ्याशी लोटायला लावली, पंप चालू केला. कंत्राटदाराचे मुकादम मोहनराव तणतणले, पण तिनं ऐकलं नाही. मग घर रिकामं करायला माणसं पाठवली. आत्या हलेना. म्हैस गाभण आहे, चूल पेटलीय, अशी एकेक कारणं काढत बसली.

शेवटी योगिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. "खरं सांग, काय झालं?"

"मी उठून गेले तर लोकं काय म्हणतील? पोरीच्या कामावर घरच्यांचाच भरवसा न्हाय. तुला कमीपणा येईल, बाय."

योगिनीला हसू आलं आणि रडूही. तिनं आत्याचा राखेनं माखलेला हात धरला. "आत्या, मला भ्या वाटतंय. तू हितं हायस म्हणून माझं डोकं चालंना झालंय. तू बाहेर पडलीस तर मला काम सुचंल."

"मग असं आधी सांगायचं की!" म्हणत आत्या उठली. म्हशीचं दावं सोडलं, गाडगीमडगी उचलली आणि जावेच्या घरी निघाली.

दुपारी गोठ्याची भिंत खड्ड्यात ढासळली. घर मात्र टिकलं. पायथ्याला लोटलेल्या मातीनं त्याला धरलं. पाणी उपसल्यावर योगिनीनं तिथं खांब दाट लावले, आडवे टेकू दिले आणि तुकड्या-तुकड्यानं काँक्रीटची भिंत उभी केली. गोठाही बांधून दिला.

आत्या म्हशीसकट आणि नव्या रेडकासकट परत आली. आठवड्याभरात मोहनराव तावातावानं योगिनीला भिंतीपाशी घेऊन आले. भुयारी रस्त्याच्या त्या कोऱ्या भिंतीवर आत्या ओळीनं गवऱ्या थापत होती.

"बाई, काढा त्या!" ते आत्यावर ओरडले.

"ऊन चांगलं लागतंय हितं," आत्या शांतपणे म्हणाली. "आन् भिंत माझ्या भाचीची हाय. तिला इचारा."

योगिनीनं पदरानं तोंड झाकून हसू दाबलं. मग म्हणाली, "वाळू द्या, मोहनराव. वाळल्या की मी सोता काढते."