माझ्या टेबलाची सुधारणा

नवऱ्याला तोंडावर मी अहो-जाहो करते. इथे करणार नाही. त्याने माझं टेबल कसं घालवलं ते सांगायचंय, आणि ते सांगताना मानाचे शब्द जिभेवर यायलाच तयार नाहीत.

आमचा कारखाना काचेच्या बाटल्यांचा, औषधाच्या. भट्टीतून निघालेल्या बाटल्या थंड होत होत पट्ट्यावरून पुढे येतात आणि पॅकिंगच्या आधी लागतं तपासणीचं टेबल. मागे पांढरा उजेड. मी आणि माझ्या जोडीची, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात ती, तिथे बसायचो. दोन हातांत दोन बाटल्या घ्यायच्या, उजेडासमोर फिरवायच्या आणि एकमेकींवर हलकेच टेकवायच्या. चांगली काच खणखणीत वाजते, तडा असला की बद्द. वाईट बाटली उलटी करून बाजूला. कान एकदा तयार झाला की तो घरीही गप्प बसत नाही. चष्मेवाली बाजारात कपबश्या घेतानासुद्धा सगळ्या वाजवून बघायची आणि दुकानदाराच्या शिव्या खायची. आम्ही दोघी ठेक्यावरच्या. टेबल आहे तोवर आम्ही, एवढाच आमचा करार.

नवरा त्याच पट्ट्याचा सुपरवायझर, पण कायम नोकरीतला. त्याच्या मागून आलेली माणसं पुढे जाऊन ऑफिसातल्या खुर्च्यांवर बसली, हे त्याला फार लागलं होतं. तो राग कारखान्यात गिळायचा आणि घरी येऊन भाजीतल्या मिठावर काढायचा. अशात मॅनेजरसाहेबांनी दर्जा सुधारण्याचं प्रशिक्षण आणलं. शिफ्ट संपल्यावर कॅन्टीनमध्ये वर्ग, आणि हजेरी सगळ्यांना सक्तीची. शिकवायला बाहेरचे एक गृहस्थ. कुठलीही चूक झाली की पाच वेळा ‘का’ विचारा, मूळ कारण सापडतं, असं ते सांगायचे. बाटली फुटली. का? साचा तापला. का? पाणी कमी पडलं. का? का? का? पहिल्याच दिवशी पोरांनी त्यांचं नाव कावळा ठेवलं. तसा माणूस वाईट नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतला तर मुळीच नाही, भट्टीपाशी तासन्‌तास उभा राहून घाम पुसत आमचं ऐकून घ्यायचा. त्याचं एक लाडकं वाक्य होतं: "तपासून दर्जा येत नाही, तो बनवतानाच यावा लागतो." मलाही ते पटायचं. दूध नासलंय हे चहात ओतल्यावर कळून काय उपयोग?

प्रमाणपत्र हवं असेल तर प्रत्येकाने कारखान्यात एक सुधारणा करून दाखवायची होती. ज्याची सर्वांत चांगली, तो नव्या दर्जा विभागाचा प्रमुख. कावळ्याने एक नियमही घातला. ज्याच्या जागेवर सुधारणा कराल, त्याला मी सगळ्यांसमोर विचारणार; तो नाही म्हणाला तर काम बाद. मला हा नियम फारच आवडला. निदान आमच्यासारख्यांना कुणी विचारणार तरी होतं.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला तोच उड्या मारत.

"मी तुझं टेबल घेतो," म्हणाला.

"म्हणजे काय करणार अहो?"

"सुधारणा गं. तुझी पाठ दुखते म्हणतेस, डोळ्यांतून पाणी येतं म्हणतेस. बघू या ना काय करता येतं."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, याच्या डोक्यात माझी पाठ आहे. आमच्या स्टुलांना टेका नव्हता, मागची ट्यूब सारखी लुकलुकायची. आता टेक्याची खुर्ची येणार, नवा दिवा येणार. मी चष्मेवालीलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाई, नवरा असावा तर असा."

मग तो घड्याळ घेऊन माझ्या मागे उभा राहू लागला. घरी मी भांडी घासत असले की शेजारी स्टूल ओढून बसायचा आणि प्रश्न विचारायचा. लग्न झाल्यापासून माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. मीही हुरळून सगळं सांगत सुटायचे.

"तू बाटली वाजवतेस का?"

"तडा कळतो म्हणून."

"तडा जातो का?"

"गरम बाटलीला गार झोत लागतो म्हणून."

"झोत लागतो का?"

"तो पंख्यापाशी असतो ना, तो जाळी लावायचा कंटाळा करतो म्हणून."

"कंटाळा का करतो?"

"त्याला माहितीये, पुढे आम्ही बसलोय. काही सुटलं तर आम्ही धरूच."

इथे तो थांबला. "म्हणजे तुम्ही बसलाय म्हणून तडे जातात."

"तसं म्हणा हवं तर," मी म्हणाले आणि हसले. तोही हसला. मला वाटलं, थट्टा चाललीय. हातातलं पातेलं विसळून मी पुढचं घेतलं.

शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये पडदा लावला. मॅनेजरसाहेब पहिल्या रांगेत, आम्ही मागे. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, इस्त्री मीच केली होती. बोलला मात्र छान. आकडे सांगितले, आलेख दाखवले, माझी उत्तरं ओळीने वाचली. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: मूळ कारण, तपासणीचं टेबल. पुढे टेबल आहे या भरवशावर मागे निष्काळजीपणा होतो. पंख्यापाशी जाळी पक्की बसवून टाकायची, प्रत्येकाने आपापली बाटली जागेवरच बघायची, टेबलाची गरजच उरत नाही.

त्यानंतर दोन फोटो आले. आधीचा आणि नंतरचा. आधीच्यात मी पाठमोरी बसलेली. नंतरच्यात, कॉम्प्युटरवर जुळवलेल्या, मोकळी फरशी आणि तिच्यावर रंगवलेला पिवळा पट्टा. हसू नका, पण क्षणभर मी त्या फोटोत खुर्ची शोधत होते. मग समजलं. शेजारी चष्मेवालीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

कावळा उठला. "उत्तम! आता माझा नियम. ताई, उभ्या राहता का? यात तुमचा सहभाग होता ना? तुमच्याशी बोलूनच झालं ना हे सगळं?"

अख्खं कॅन्टीन वळून बघायला लागलं. नवरा सोडून. तो माइकची वायर सोडवत होता, आणि त्या वायरीला काहीही झालेलं नव्हतं.

नाही म्हटलं असतं तर टेबल वाचलं असतं, निदान तेव्हापुरतं. पण मग याचं तोंड? हा उद्यापासून त्याच पट्ट्यावर, सगळ्यांच्या कुचेष्टेत, आणि रात्री माझ्याच घरात. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि कावळा विचारत होता ते तर खरंच होतं. बोलले तर मीच होते. त्या माणसाने एवढंच विचारलं नाही की बाई, तुझं टेबल जाणार हे तुला कुणी सांगितलं होतं का?

"होता," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

टाळ्या पडल्या. मॅनेजरसाहेब मागे वळून म्हणाले, कारखान्याला अशाच कुटुंबांची गरज आहे. आम्हा दोघींचं पुढे काय, असं कुणीतरी मागून विचारलं. "बघू, कुठे जागा निघाली तर," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. या महिन्याअखेरीस टेबल उचलायचं ठरलं.

एप्रन काढताना चष्मेवाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी कानावर घातलं असतंस तर दुसरीकडे कुठे विचारून ठेवलं असतं मी."

"मला माहीत नव्हतं गं. शपथ."

"एका घरात राहता आणि माहीत नव्हतं?" तिने पिशवी उचलली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते खोटं नाही." आणि निघून गेली. इतकी वर्षं आम्ही फाटकापर्यंत बरोबर जायचो. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

नवरा फाटकाशी थांबला होता. हातात प्रमाणपत्र, चेहऱ्यावर लग्नातला आनंद. रस्ताभर तोच बोलत होता. साहेब काय म्हणाले, नवी केबिन कुठे होणार. बऱ्याच वेळाने तो माझ्याकडे वळला.

"तू चांगलं बोललीस हं," म्हणाला. "भट्टीवाल्याने पॅकिंगचा विषय घेतला होता. तिथली बाई सरळ नाही म्हणाली. सगळं बाद."

"म्हणून तुम्ही माझं टेबल घेतलंत?"

"मग? दुसऱ्या कुणाचं घेणार होतो?"

"मी नाही म्हणाले असते तर?"

तो चालता चालता थांबला. माझ्या खांद्यावर त्याने हात ठेवला, भर रस्त्यात, जे त्याने कधीही केलं नव्हतं.

"तू? छे गं," तो म्हणाला. "तू नाही म्हणणार नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्याच्या आवाजात माझ्याबद्दल इतकं कौतुक मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.