पाच बरण्यांचं हळदीकुंकू

शकु माझी धाकटी बहीण. गोरेगावहून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या कंपनीत पॅकिंगला यायची, तीही अजून टेंपररी. स्टेशनवरून येणारी बस रोज इस्टेटच्या नाक्यावर अडकायची, कारण माल भरणारे टेम्पो तिथेच आडवेतिडवे उभे. मग ही बया बसमधून उडी मारून, चपला हातात घेऊन पावणेनऊच्या भोंग्याआधी गेट गाठायला धावत सुटायची.

"ताई, माझी वाट लागली," एका दुपारी ती माझ्या खानावळीत येऊन रडली. "आता एकदा जरी लेट झाले ना, तर घरी बस म्हणालेत."

माझं डोकंच फिरलं. तशीच उठून बस डेपोत गेले. तिथले नंदकुमार साहेब भला माणूस. म्हणाले, "बाई, नाक्यावर कोण कधी पोचतं आणि टेम्पो कधी भरतात, एवढं कळलं तर काहीतरी करता येईल. नुसत्या अंदाजाने मी बस हलवू शकत नाही."

बोलायला सोपं! बसने कामाला येणाऱ्या बायकांना भीती, की वेळा कंपनीच्या हाती लागल्या तर उशिरा येणाऱ्या आयत्या सापडतील. टेम्पोवाल्यांचा म्होरक्या अंबादास माझ्याकडेच जेवायचा. तोही मान हलवायला लागला.

"वहिनी, मी माल कुठून उचलतो ते कळलं, की दुसरा माझं गिऱ्हाईक पळवणार."

"कुठून ते नकोच रे मेल्या. फक्त कधी ते सांग. आणि तेही मला नको सांगूस."

संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. मी आतल्या खोलीत पाच काचेच्या बरण्या मांडल्या, आठपासून नऊपर्यंत, दर पाव तासाला एक. प्रत्येक बाईला वाणासोबत एक चवळी दिली, प्रत्येक टेम्पोवाल्याला एक वाटाणा. एकेकाने आत जायचं, पडदा ओढायचा आणि आपल्या वेळेच्या बरणीत दाणा टाकायचा. हळदीकुंकवाला आलेले बाप्ये बघून शेजारची जानकी हसून हसून बेजार झाली. तिळगूळ घेताना अंबादास नव्या नवरीसारखा लाजत होता.

शेवटी मी बरण्या बाहेर आणल्या. चवळ्या आणि वाटाणे, दोघांचीही गर्दी साडेआठच्या बरणीत. नऊची बरणी रिकामी.

"आयला!" अंबादास ओरडला. "मला वाटायचं, त्या वेळी माल भरणारा मीच एकटा शहाणा. स्टेशनातलं पार्सल ऑफिस दहाला माल घेतं, नऊला भरला तरी चालेल की!" एकमेकांपासून लपवता लपवता सगळे एकाच वेळी तडमडत होते.

बरण्या आणि अंबादासला घेऊन मी डेपोत गेले. साहेबांनी शकुच्या कंपनीच्या मॅनेजरलाही बोलावलं होतं. त्याने नेमकी पावणेनऊची बरणी उचलली.

"या उशिरा येणाऱ्या कोण? नावं सांगा, मग बसचं बघू."

त्यात शकुचीही चवळी होती.

"नावं घेतलीच नाहीत," मी म्हटलं. "घरी न्या, शिजवा आणि चवळीलाच विचारा."

नंदकुमार साहेबांच्या बशीतला चहा सांडला, इतके ते हसले. "मला वेळा हव्या होत्या, त्या मिळाल्या. सोमवारपासून बस थोडी आधी सोडतो. अंबादास, तुम्ही लोक नऊच्या पुढे भरा." घरी येऊन मी सगळे दाणे भिजत घातले, पुन्हा कोणाला मोजायला नकोत.

सोमवारी मी स्टो बंद करून नाक्यावर जाऊन उभी राहिले. रस्ता मोकळा होता. टेम्पो लांब कडेला रांगेत, आणि अंबादास हात हलवत बसला वाट दाखवत होता, जणू रस्ता त्याच्या मालकीचा. बस न थांबता वळली. शकु उतरली आणि सवयीने चपला काढायला वाकली.

"अगं, चाल ना सावकाश!" मी ओरडले.

ती हसली, पदर सारखा केला आणि रमतगमत गेली. भोंगा वाजला तेव्हा ती गेटच्या आत होती, आणि चपला पायात होत्या.