नियमपुस्तकात मामा नाही

निःपक्षपातीपणा जगातून संपत चालला असला, तरी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात ते बारा, शर्यतीच्या ट्रॅकमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो अजून जिवंत असतो, अशी मिलीमीटरची श्रद्धा होती. त्या रविवारी तो सात वाजून वीस मिनिटांपर्यंत जिवंत होता. मग ताईचा फोन आला.

"नापास कर तिला," ताई म्हणाली.

"कुणाला?" मिलीमीटरने वेळ काढायला विचारलं.

"माझ्याकडे दुसरी आहे का कुणी?"

ताईला एकच मुलगी. वय सव्वीस, पेशाने दातांची डॉक्टर, आणि आज दुपारी दोन वाजता नवख्यांच्या गटात, चौदा गाड्यांमध्ये, ती आयुष्यातल्या पहिल्या शर्यतीत उतरणार होती. शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासायची, प्रत्येक ड्रायव्हरचं हेल्मेट, सूट, हातमोजे तपासायचे आणि सगळं ठीक असेल तर हिरवा स्टिकर चिकटवायचा, हे काम ज्याच्याकडे होतं तो तिचा सख्खा मामा होता.

"ताई, दोष असल्याशिवाय नापास कसं करणार?"

"मग शोध. बावीस वर्षं काय करतोयस तिथे? नखभर कमी-जास्त झालं तर लोकांना घरी पाठवतोस. आणि स्वतःच्या भाचीत एक खोट सापडत नाही तुला?"

"भाचीत सापडतील. गाडीचं बघावं लागेल."

"चेष्टा नकोय. मी सांगून थकले. तिच्या बाबांना समजवायला पाठवलं, तर ते टायरच्या नक्षीबद्दल विचारत बसले. काल रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. आता तूच राहिलास. मी दुपारी येतेच आहे तिकडे. पोचेपर्यंत काय ते करून ठेव."

फोन ठेवला गेला. ताईचा शब्द मोडणं मिलीमीटरला कधी जमलं नव्हतं. लहानपणी शेजारच्यांच्या खिडकीची काच त्याने फोडली होती आणि मार ताईने खाल्ला होता. त्या गोष्टीचा तिने चाळीस वर्षांत एकदाही उल्लेख केला नव्हता. केला असता तर फिटून तरी गेली असती.

मिलीमीटर हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. एकदा त्याने एका नामांकित डॉक्टरांची गाडी मागचा आडवा पंख नियमापेक्षा तीन मिलीमीटर जास्त रुंद आहे म्हणून परत पाठवली. डॉक्टर म्हणाले, "अहो, तीन मिलीमीटर म्हणजे काय?" त्याने पट्टी काढून दाखवलं. तेव्हापासून लोक त्याला पाठीमागे मिलीमीटर म्हणू लागले, पुढे तोंडावर, आणि गेल्या वर्षीपासून गळ्यातल्या ओळखपत्रावरही तेच छापून येत होतं. एरवी तो औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. महिनाभर झाकणं नाकारायची आणि एका रविवारी गाड्या, असं त्याचं एकूण सुखाचं चाललं होतं.

क्लबचं नियमपुस्तक दोनशे चौदा पानांचं. मोज्यांचं कापड कोणतं असावं, दाढी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकली तर काय करावं, हे सगळं त्यात होतं. मामाने काय करावं, हे नव्हतं. भाचीची गाडी दुसऱ्या तपासनिसाकडे सोपवावी म्हटलं, तर दुसरे म्हणजे वजनकाट्यावरचे काका. त्यांचा एक मोतीबिंदू निघाला होता आणि एक निघायचा होता.

तेरा गाड्या त्याने नेहमीप्रमाणे तपासल्या. एकेका गाडीला दहा-बारा मिनिटं. अग्निशामक, बॅटरीचं झाकण, बाहेरून बंद करायचा मेन स्विच, चाकांचे नट, डोक्यावरचा लोखंडी पिंजरा. खांद्यांच्या पट्ट्यांना समोरून दोन हिसके द्यायचे, हेल्मेटच्या आतली तारीख वाचायची, स्टिकर. पुढचा.

भाची मुद्दाम शेवटी आली. सव्वादहा वाजले होते. तिने गाडी पांढऱ्या रेघेवर आणून उभी केली, हेल्मेट, सूट, मोजे, हातमोजे टेबलावर ओळीने मांडले, जशी दवाखान्यात हत्यारं मांडत असेल तशी, आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"नमस्कार, तपासनीस साहेब."

"मामा म्हण."

"नको. इथे ओळख दाखवली असं व्हायला नको." मग हळूच, "आईचा फोन आला ना तुला?"

"कामाच्या वेळी मी खाजगी बोलत नाही."

"म्हणजे आला."

मिलीमीटरने तपासायला सुरुवात केली, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला घाम फुटला. त्या गाडीला नावं ठेवायला जागा नव्हती. नटांवर रंगाच्या खुणा होत्या, म्हणजे एक जरी सैल झाला असता तरी दिसलं असतं. बॅटरीचं झाकण बसवलेलं नव्हतं, शिवलेलं वाटत होतं. त्याने ब्रेक ऑइल पाहिलं, पेट्रोलची नळी हाताने चाचपली, आरशांचं क्षेत्रफळ मोजलं. बावीस वर्षांत आरशांचं क्षेत्रफळ त्याने कधी मोजलं नव्हतं. ते नियमापेक्षा दोन चौरस सेंटिमीटरने जास्तच भरलं.

अग्निरोधक बनियनपाशी गाडी अडली. आत कुठलं बनियन घातलंय, हा प्रश्न हजार पुरुषांना त्याने पापणी न हलवता विचारला होता. भाचीसमोर त्याने घसा खाकरला.

"हे घे," भाची म्हणाली आणि तिने बनियनच्या लेबलचा फोटो त्याच्या पुढ्यात धरला. "तुला विचारायला अवघड जाईल म्हणून काढून ठेवला."

मग तिला गाडीत बसवलं, पट्टे बांधले आणि घड्याळ लावलं. सात सेकंदांत बाहेर यायचं असतं. ती पाच सेकंदांत आली.

"पुन्हा," मिलीमीटर म्हणाला.

"का?"

"घड्याळ चुकलं असेल."

दुसऱ्यांदा ती साडेचार सेकंदांत आली. वजनकाट्यावरून काकांनी हाक दिली, "अरे, पोरगी पास होतेय का तुझी परीक्षा चाललीय? एक तास होत आला. मला जेवायला जायचंय."

"तुम्ही जा, काका."

"मी कसा जाऊ? मजा तर आत्ता यायला लागलीय."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. शेड बाराला बंद होणार. मिलीमीटर सीटच्या मागे डोकं घालायला गेला, पण तिथे जेमतेम चार बोटांची जागा होती. डोकं जाईना, हात जाई पण दिसेना.

"आरसा हवाय?" भाचीने विचारलं, आणि हत्यारांच्या पेटीतून दातांच्या डॉक्टरांचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा काढून दिला.

आरसा आत सरकला. खांद्यांचे पट्टे सीटच्या मागून जाऊन पिंजऱ्याच्या आडव्या नळीला वळसा घालून परत आले होते, आणि दोन्ही टोकांवर काळी टेप गुंडाळली होती. छान, घट्ट, नीटनेटकी.

"ही टेप कशाला?"

"गॅरेजवाल्याने लावलीय. टोकं लोंबकळू नयेत म्हणून."

"काढ."

"मामा, नियमात टेपबद्दल काही नाहीये. मी वाचलंय."

"मीही वाचलंय. काढ."

तिने नखाने टेप सोडवली. मिलीमीटरने आरसा फिरवला आणि दोन्ही टोकं पुन्हा पाहिली.

पट्ट्याचं टोक तिथे तीन खाचांच्या एका लोखंडी चकतीतून ओवायचं असतं, आणि मग परत उलटं त्याच चकतीतून ओवून घ्यायचं असतं. उलटं ओवलं की पट्टा स्वतःच्याच ताणाने आवळत जातो. इथे तो एकदाच ओवला होता. असा पट्टा समोरून हिसका देऊन ओढला तर घट्टच लागतो. गाडी कुठे आदळली, तरच सरकतो.

मिलीमीटरला सकाळपासून जे हवं होतं ते सापडलं होतं. खोटं बोलावं लागणार नव्हतं. ताईचा शब्द राहणार होता आणि नियमाचाही. त्याने पत्रक पुढे ओढलं. 'नापास'वर खूण केली. खाली एक चौकोन होता: 'दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी, तपासनिसाच्या मर्जीनुसार.' हो किंवा नाही. पेन 'नाही'च्या वर जाऊन थांबलं.

भाचीने आरशात पाहिलं होतं. तिचा चेहरा उतरला होता, पण ती गयावया करत नव्हती. "हे मी बघायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

"कुठल्या गॅरेजने बसवले?"

तिने सांगितलं. मग म्हणाली, "तिथेच त्या लाल गाडीचे पण बसवलेत. गणिताच्या सरांच्या. आणि पिवळीचे."

मिलीमीटरने पेन खाली ठेवलं. लाल गाडीला त्याने आठ वाजता स्टिकर लावला होता. अकरा मिनिटांत. समोरून दोन हिसके देऊन. पिवळीला तर नऊ मिनिटांत. आणि सीटच्या मागे त्याने आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. आज म्हणजे बावीस वर्षांत.

आता हिशोब सरळ होता आणि म्हणूनच त्रासाचा होता. त्या दोघांना परत बोलवायचं, तर त्यांना दुरुस्तीची संधी द्यावी लागणार, कारण चूक त्यांची जितकी तितकीच स्टिकर लावणाऱ्याची. त्यांना दिली की भाचीलाही देणं आलं. भाचीला द्यायची नसेल, तर त्या दोघांबद्दल गप्प बसायचं. गणिताच्या सरांना दोन मुलं होती. सकाळी दोघंही वडिलांचं हेल्मेट कुणी धरायचं यावरून भांडत होती.

त्याने 'हो'वर खूण केली.

"उलटं ओवून घे," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी. आणि टोक चार बोटं बाहेर ठेव."

मग तो माइकपाशी गेला. लाल आणि पिवळी गाडी ताबडतोब शेडमध्ये आणावी, तपासनिसाकडून तपासणी अपुरी झाली आहे, असं त्याने जाहीर केलं. माइकवर हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं, त्यामुळे मैदानावर आपण नीट ऐकलं का, असं लोक एकमेकांना विचारत राहिले.

"अपुरी?" काका म्हणाले. "तुझी? थांब, हे मला घरी सांगू दे."

लाल गाडीचे दोन्ही पट्टे चुकीचे निघाले. पिवळीचा डावा बरोबर आणि उजवा चूक. म्हणजे गॅरेजवाला मध्येच शिकला होता किंवा मध्येच विसरला होता. गणिताचे सर आरशात बघून म्हणाले, "सकाळी तर तुम्ही चांगले ओढून पाहिलेत."

"ओढून पाहिले. बघितले नाहीत," मिलीमीटर म्हणाला, आणि तेच त्याने नोंदवहीत लिहिलं. दोघांनी पट्टे तिथेच उलटे ओवून घेतले.

उरलेल्या अकरा गाड्याही त्याने आरसा घालून पाहिल्या. भाची टॉर्च धरून बरोबर फिरत होती आणि सवयीने प्रत्येक गाडीला "मोठा आ" म्हणत होती. त्या सगळ्या ठीक निघाल्या. शेवटी भाचीच्या गाडीपाशी येऊन त्याने आरसा सरकवला, मागून ओढलं, पुढून ओढलं, आणि हिरवा स्टिकर चिकटवला. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. स्टिकर जरा तिरका लागला. त्याने तो तसाच राहू दिला.

ताई दीड वाजता पोचली. तिने भावाकडे पाहिलं, रेघेवर उभ्या चौदा गाड्या मोजल्या, आणि काही न बोलता त्याच्या शेजारी पत्र्याच्या खुर्चीवर बसली. न बोलणं ही ताईची शेवटची पायरी होती.

शर्यत आठ फेऱ्यांची. पहिल्या तीन फेऱ्या ताईने पर्समधल्या किल्ल्या घट्ट धरून काढल्या. चौथ्या फेरीत वळणावर लाल गाडी घसरली, गिरकी घेतली आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन नाकाने आदळली. मिलीमीटर उठून उभा राहिला. दार उघडलं. गणिताचे सर बाहेर आले, भिंतीमागे गेले, हेल्मेट काढलं, चष्मा पुसला आणि कोन चुकला असावा तसे वळणाकडे बघत राहिले. मग मुलांना हात केला. मिलीमीटर खाली बसला.

भाची नववी आली. खाली उतरली तेव्हा ती हसत होती, आणि केसांना हेल्मेटचा आकार आला होता.

"पास केलीस," ताई भावाला म्हणाली.

"आधी नापास केली होती," मिलीमीटर म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. टेप, आरसा, पट्टा, लाल गाडी.

"म्हणजे मी फोन केला नसता तर?"

"तर मी समोरून दोन हिसके दिले असते. ती तशीच गेली असती. सरही."

ताईने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. तिने धावत येणाऱ्या लेकीकडे पाहिलं.

"मग पुढच्या वेळी पण करते फोन," ती म्हणाली. "सातलाच करते."

"कर."

"आणि तिला म्हणावं, वेग जरा बेताने ठेव."

संध्याकाळी निकालाचा कागद फळ्यावर लागला. ट्रॅक लहान, वळणं बारा, आणि गाड्या छोट्या इंजिनच्या. त्यामुळे भाचीचा सरासरी वेग ताशी अडुसष्ट किलोमीटर निघाला. ताईला ट्रॅककडे येताना हमरस्त्यावर वाहतूक पोलिसांनी थांबवलं होतं, तेव्हा तिचा एकशे चार होता.